शिफारस कोठून आली? : कृषी पदवीधराची माहिती साक्षरता

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणाच्या निमित्ताने तंजावर येथे आठवडाभर राहण्याचा योग आला. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातशेती पाहणे हा मुख्य हेतू होता. एका मोकळ्या दुपारी राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालयात गेलो. तेथे मोडी लिपीतील एक जुना कागद पाहावयास मिळाला. भाषा मराठी, म्हणजे माझी मातृभाषा. पण मला त्यातील एक ओळही लागेना. शेजारी उभ्या असलेल्या एका तमिळभाषक जाणकाराने बोट फिरवीत गावाचे नाव, तिथी आणि धान्याचे माप वाचून दाखविले. तीस वर्षे विस्तार शिक्षण हा विषय शिकविणारा मी, माझ्याच भाषेतील कागदासमोर निरक्षर ठरलो होतो.

त्या ग्रंथालयात मराठेशाहीच्या कारभाराची मोडी दप्तरे शेकड्यांनी आहेत. त्यांतील काही कागदांचे तमिळ भाषांतर तंजावरच्याच तमिळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले, त्यामुळे तमिळ अभ्यासकांना ते वाचता येतात. माहिती जपून ठेवणे, ती सापडणे, ती वाचता येणे आणि ती दुसऱ्याला समजेल अशा शब्दांत सांगता येणे ही चार वेगवेगळी कामे आहेत. पहिले झाले म्हणजे उरलेली तीन आपोआप होतात, हा आपल्या कृषी शिक्षणातील मोठा गैरसमज आहे. मोडी कागदांचे निमित्त झाले. बोलायचे आहे ते या गैरसमजाविषयी.

दुसरे सरफोजी राजे (१७७७–१८३२) यांनी हे ग्रंथालय वाढविले. राज्याची प्रत्यक्ष सत्ता इंग्रजांच्या हाती गेलेली, हातात मोकळा वेळ भरपूर. त्यांनी तो विद्येत घातला. देशोदेशीचे ग्रंथ मागविले, अनेक पुस्तकांवर स्वतःची स्वाक्षरी केली, देवनागरी मुद्रणालय काढले आणि इसापाच्या गोष्टी मराठीत छापविल्या. परंतु कृषी विस्तारात काम करणाऱ्याने लक्षात घ्यावी अशी गोष्ट आहे ती त्यांच्या धन्वंतरी महालाची. तेथे निरनिराळ्या पद्धतींच्या वैद्यांनी औषधे वापरून पाहिली, रुग्णांची टिपणे ठेवली. नेत्ररुग्णांची सचित्र टिपणे तर आजही त्या ग्रंथालयात आहेत. अनुभवास उतरलेले उपचार पुढे तमिळ पद्यात बांधण्यात आले. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ते ग्रंथ ओळखले जातात. राजा मराठी, त्याच्या शास्त्रग्रंथांची भाषा संस्कृत, नव्या विद्येची पुस्तके इंग्रजी आणि उपचार मात्र लिहिले गेले तमिळमध्ये, तेही पाठ होण्यास सोप्या अशा पद्यात. कारण आजूबाजूचे लोक तमिळ बोलत होते. आधी पडताळणी, मग नोंद आणि मग ऐकणाऱ्याच्या भाषेत मांडणी, असा हा क्रम आहे. एका राजाची हौस म्हणून ही गोष्ट सोडून देता येईल. पण हा क्रम आपल्या महाविद्यालयांत कोठे शिकविला जातो, असा प्रश्न मला त्या दुपारी पडला आणि तो अद्याप सुटलेला नाही.

उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात या क्षमतेला ‘माहिती साक्षरता’ म्हणतात. हा शब्द १९७४ मध्ये अमेरिकेत पॉल झुर्कोव्स्की यांनी वापरात आणला. पुढे २००० साली तेथील महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने उच्च शिक्षणासाठी पाच मानके ठरविली. आपल्याला नेमकी कोणती माहिती हवी हे विद्यार्थ्याला ठरविता यावे, ती शोधता यावी, तिची व तिच्या स्रोताची पारख करता यावी, विशिष्ट कामासाठी ती वापरता यावी आणि तिच्या वापरातील कायदेशीर व नैतिक बंधने कळावीत, असा त्यांचा आशय. २०१६ मध्ये त्या संघटनेने ही मानके मागे घेऊन त्याऐवजी एक वैचारिक चौकट स्वीकारली. तिच्यातील एक विचार आपल्या कामाचा आहे : एखाद्या स्रोताचा अधिकार संदर्भावर अवलंबून असतो. एका ठिकाणी अधिकारी ठरणारा स्रोत दुसऱ्या ठिकाणी तसाच ठरेल असे नाही.

हे वाचून मला हसू आले. शिवारफेरीत आपले शेतकरी हाच प्रश्न विचारतात : “साहेब, हे तुमच्या फार्मवर आलं का आमच्यासारख्या मुरमाड जमिनीत?” ग्रंथालयशास्त्राला जे सोळा वर्षांच्या अनुभवानंतर चौकटीत बसवावे लागले, ते बांधावरच्या माणसाला आधीपासून ठाऊक होते. ठाऊक नाही ते आपल्या पदवीधराला.

त्यात पदवीधराचा दोष थोडा आणि अभ्यासक्रमाचा अधिक. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या अभ्यासक्रमात ‘संज्ञापन कौशल्ये व व्यक्तिमत्त्व विकास’ हा विषय पदवीला होता. पदव्युत्तर वर्गांना ‘ग्रंथालय व माहिती सेवा’ आणि ‘तांत्रिक लेखन व संज्ञापन कौशल्ये’ असे दोन सामायिक विषय आहेत. दोहोंचा भार ‘शून्य अधिक एक’, म्हणजे व्याख्यान शून्य आणि आठवड्याला एक प्रात्यक्षिक. भार कमी आहे याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. एका प्रात्यक्षिकातही पुष्कळ करता येते. तक्रार आहे ती फारकतीची. ग्रंथालयाचा विषय ग्रंथपाल शिकवितात : सूची कशी पाहावी, ‘कृषिकोश’मध्ये प्रबंध कसा शोधावा, ‘सेरा’वर शोधनिबंध कसा उतरवून घ्यावा. संज्ञापनाचा विषय दुसरे कोणी शिकवितात : उभे कसे राहावे, डोळ्यांत पाहून कसे बोलावे, मुलाखत कशी द्यावी. शोधलेली माहिती आणि बोललेले वाक्य यांची गाठ कोणत्याच तासाला पडत नाही. परिणामी विद्यार्थी न पारखलेली गोष्ट आत्मविश्वासाने सांगण्यास शिकतो. संज्ञापन कौशल्य म्हणून आपण ज्याला गुण देतो, त्यातील बराच भाग हाच असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे माझीच एक चूक सांगतो. मराठवाड्यातील एका गावात कपाशीवरील रसशोषक किडींविषयी माझे व्याख्यान होते. हातात जुन्या माहितीपत्रकाच्या प्रतीची प्रत. तिच्यावरून दहा लिटर पाण्याला किती औषध घ्यायचे ते मी सांगितले आणि पत्रकातील शेवटची ओळही वाचली : “पॉवर पंपासाठी मात्रा तिप्पट करावी.” मागच्या रांगेतून एका प्रौढ शेतकऱ्याने विचारले, “सर, तिप्पट का? आणि पॉवर म्हणजे कोणता? आमच्याकडं बॅटरीचा आहे, त्यालाही आम्ही पॉवरच म्हणतो.”

मला उत्तर देता आले नाही. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली आणि परत आल्यावर शोध घेतला. ज्या काळात ते पत्रक तयार झाले, त्या काळात पॉवर पंप म्हणजे पाठीवरचा पेट्रोल पंप. तो हवेच्या झोताने अगदी बारीक तुषार उडवितो. साध्या हातपंपाने एकरी सुमारे दोनशे लिटर पाणी लागत असेल, तर त्याला साधारण त्याच्या एक-तृतीयांश पाणी पुरते. पाणी तिसऱ्या हिश्श्यावर आले म्हणून पाण्यातील औषधाचे प्रमाण तिप्पट, जेणेकरून एकरी औषध तेवढेच पडावे. म्हणजे ‘तिप्पट’ ही मात्रा वाढविण्याची सूचना नव्हतीच. ती मात्रा कायम राखण्याची सूचना होती. बॅटरीवरचा पंप एकरी पाणी जवळजवळ हातपंपाएवढेच घेतो. त्यात तिप्पट औषध टाकले की एकरी औषधही तिप्पट पडते : खर्च तिप्पट, फवारणाऱ्याला धोका वाढलेला आणि मित्रकिडींचा नाश ठरलेला. उलट पेट्रोल पंपाच्या टाकीत हातपंपाचेच प्रमाण वापरले, तर एकरी औषध एक-तृतीयांशच पडते. मग कीड मरत नाही आणि शेतकरी औषध बनावट निघाले असे समजून दुसरे आणतो.

मूळ ओळ बरोबर होती. ती नकलून घेणाऱ्या कोणी तिच्यात बदलही केला नव्हता. बदलला होता तो गावातील पंप. पत्रकावर वर्ष नव्हते, पंपाचे वर्णन नव्हते, एकरी मात्रा नव्हती. त्यामुळे पारख करण्याचे एकही साधन वाचणाऱ्याच्या हाती उरले नव्हते. प्रश्न विचारणारा तो शेतकरी माहिती साक्षर होता. आचार्य पदवी घेतलेला मी त्या दिवशी नव्हतो.

अशा गोष्टीला चूकभूल म्हणून सोडून देता येत नाही. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या वेळी कारणांची पुष्कळ चर्चा झाली : डोक्याएवढी वाढलेली कपाशी, एकात एक मिसळलेली औषधे, हातमोजे व मुखपट्टीचा अभाव. या सर्वांच्या मुळाशी माहितीचाही एक प्रश्न होता. कीटकनाशकाच्या डब्यासोबत माहितीपत्रक असते. कोणत्या पिकासाठी, कोणत्या किडीसाठी, हेक्टरी किती, किती पाण्यात आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे, हे त्यात लिहिलेले असते. डब्यावरील त्रिकोणाचा लाल, पिवळा, निळा वा हिरवा रंग विषारीपणाची पातळी सांगतो. पत्रक मात्र इतक्या बारीक अक्षरांत आणि इतक्या घड्यांत असते की बहुतेक वेळा ते बांधावरच पडते. मग सल्ला मिळतो तो दुकानाच्या काउंटरवर किंवा भ्रमणध्वनीवर आलेल्या निनावी संदेशातून. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने २००३ पासून निविष्ठा विक्रेत्यांसाठी पदविका सुरू केली, ती याच जाणिवेतून. विक्रेता शिकला तर चांगलेच आहे. पण ज्याच्या नावामागे कृषी पदवी आहे त्याने ते पत्रक उलगडून गावासमोर वाचून दाखविले, असे किती वेळा घडते?

पुन्हा तंजावरकडे वळतो, कारण शब्द पोहोचला म्हणजे काय होते आणि तो अर्धा पोहोचला म्हणजे काय होते, या दोन्ही गोष्टी त्या जिल्ह्याने पाहिल्या आहेत. १९६० च्या सुमारास सघन कृषी जिल्हा कार्यक्रमासाठी देशातील जे पहिले सात जिल्हे निवडले गेले, त्यांत तंजावर होता. जवळच्या अडुतुरै संशोधन केंद्राने ‘एडीटी २७’ हा जपानी व भारतीय भातांच्या संकरातून आलेला कमी मुदतीचा वाण दिला. आकाशवाणीच्या तिरुचिरापल्ली केंद्राने त्याची माहिती सातत्याने दिली आणि कुरुवै, म्हणजे जूनमध्ये सुरू होणाऱ्या अल्पमुदतीच्या हंगामात, तो इतक्या झपाट्याने पसरला की लोक त्याला ‘रेडिओ राईस’ म्हणू लागले. कृषी संज्ञापनाच्या पाठ्यपुस्तकांत ही यशकथा येते. आम्हीही ती वर्षानुवर्षे शिकविली आणि विद्यार्थ्यांनी परीक्षेत लिहिली.

पाठ्यपुस्तकात क्वचितच येतो तो तिचा उत्तरार्ध. लवकर तयार होणारे हे भात काढणीला येई तेव्हा पावसाने गाठलेले असे. ओले धान खळ्यावर पडून राही, त्याला मोड येत, त्याचा रंग जाई आणि भाव पडे. वाणाची बातमी घरोघरी पोहोचली होती. ओल्या धानाचे काय करायचे याचे उत्तर तयार नव्हते. या अडचणीतूनच १९६७ मध्ये तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील तिरुवारूर येथे भातगिरणीच्या आवारात एक छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे पहिले संचालक डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन यांनी निवृत्तीनंतर त्या कामाला वाहून घेतले. आज तंजावर येथे असलेली राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान संस्था, ‘निफ्टेम’, तिचाच विस्तार आहे. एका वाणाच्या माहितीत राहून गेलेल्या प्रश्नातून एक संस्था उभी राहिली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. नभोवाणीचा यात दोष नाही. तिने जे उपलब्ध होते ते चोख पोहोचविले. परंतु ‘एडीटी २७’ची गोष्ट केवळ प्रसाराच्या वेगाची म्हणून शिकविणे ही अर्धी माहिती देणे आहे आणि हा दोष आम्हा शिक्षकांचा आहे.

मग करावयाचे काय? नवा विषय काढावा असे मी म्हणणार नाही. अभ्यासक्रमात विषयांची गर्दी पुरेशी आहे. ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी दरवर्षी आपले कृषिदूत आणि कृषिकन्या गावोगाव जातात, प्रात्यक्षिके दाखवितात, छायाचित्रे काढतात आणि अहवाल बांधून देतात. त्या अहवालात एकच भर घालावी. प्रत्येक विद्यार्थ्याने आपण गावात सांगितलेली कोणतीही एक शिफारस निवडावी आणि तिचा माग मुळापर्यंत काढावा : ती संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या बैठकीत कोणत्या वर्षी मान्य झाली, कोणत्या विभागासाठी, कोणत्या जमिनीत घेतलेल्या प्रयोगांवरून आणि मधल्या काळात ती बदलली काय. नंतर तीच शिफारस गावातील एका शेतकऱ्याला स्वतःच्या शब्दांत सांगावी आणि शेतकऱ्याने काय विचारले ते जसेच्या तसे लिहावे. गुण द्यायचे ते शेतकऱ्याच्या प्रश्नाला, म्हणजे तो प्रश्न ऐकून विद्यार्थी पुन्हा कोठे शोधायला गेला याला. ग्रंथपाल आणि विस्तार शिक्षक यांनी हा अहवाल एकत्र बसून तपासावा. आज हे दोघे एकाच इमारतीत असूनही वार्षिक स्नेहसंमेलनातच भेटतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट आपल्या घडीपत्रिकांची. पदव्युत्तर प्रबंधाला शंभर-दीडशे संदर्भ नसतील तर मार्गदर्शक तो परत करतात. तोच विद्यार्थी पुढे कृषी विज्ञान केंद्रात विशेषज्ञ होऊन शेतकऱ्यांसाठी मराठी घडीपत्रिका लिहितो, तेव्हा तीत संदर्भ नसतो, पुष्कळदा वर्षही नसते. शास्त्रज्ञाला दिलेल्या माहितीला पुरावा लागतो, शेतकऱ्याला दिलेल्या माहितीला लागत नाही, असे आपण न बोलता ठरवून टाकले आहे. यात शेतकऱ्याचा अवमान आहे. “शेतकऱ्यांना संदर्भ नको, नेमके सांगा” असे यावर नेहमी म्हटले जाते. नेमके सांगावेच. पण तळाशी दोन ओळी लिहायला जागा लागते ती किती? शिफारशीचे वर्ष, शिफारस करणारी संस्था, कोणत्या विभागासाठी, आणि फवारणीचा विषय असेल तर कोणत्या पंपासाठी व एकरी एकूण मात्रा किती. द्राक्ष आणि डाळिंब बागायतदार निर्यातीमुळे अवशेष मर्यादेची यादी, काढणीपूर्व कालावधी आणि औषधाचे तांत्रिक नाव स्वतः तपासू लागले आहेत. त्यांना हे कोणत्याही महाविद्यालयाने शिकविले नाही. परत आलेल्या मालाने शिकविले. कोरडवाहू कपाशी व सोयाबीन उत्पादकाच्या वाट्याला तसा परखड शिक्षक येत नाही आणि त्याच्या चुकीची किंमत त्याच्या घराबाहेर कोणाला दिसत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांनी यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. एका कृषी सहायकाकडे दोन-चार गावे, त्यात पंचनामे, अनुदानाच्या याद्या आणि पोर्टलवरील नोंदी. वेळ नाही ही तक्रार खरी आहे. तरीही गटात एखादा संदेश पुढे पाठविण्यापूर्वी त्यावर तारीख आणि मूळ संस्था आहे काय, एवढे पाहावे. नसेल तर तो आपल्या नावाने पुढे जाऊ देऊ नये. प्रगतिशील शेतकऱ्यांनीही व्याख्यात्याला “हे कोठे लिहिले आहे?” असे संकोच न करता विचारावे. हा प्रश्न उद्धटपणाचा वाटतो खरा. मला तो विचारला गेला तेव्हा मलाही क्षणभर तसाच वाटला होता.

त्या शेतकऱ्याला मी नंतर पत्र लिहिले. तिप्पट मात्रेचे कारण सांगितले, बॅटरी पंपाचे गणित मांडून दिले आणि व्याख्यानात मी चुकलो हेही लिहिले. त्यांचे उत्तर आले ते पोस्टकार्डावर, चार ओळींचे. गणित समजले, गटातील आठ जणांना वाचून दाखविले, असे त्यात होते. खाली आणखी एक प्रश्न होता : गावात आता दोघांनी एचटीपी पंप आणले आहेत, त्यांच्या गनने एकरी पाणी नेमके किती जाते ते प्रत्येकाचा हात वेगळा असल्याने वेगळे येते, तर मग प्रमाण कसे धरायचे? पत्रकांत मला याचे उत्तर सापडले नाही. पुढच्या आठवड्यात मोजपट्टी आणि दोनशे लिटरचा पिंप घेऊन मी त्यांच्या शेतावर गेलो.